विचारपूस करणाऱ्या बाया

टेल्मोने दिलेला कागद देओलिंदाला वाचण्याआधीच आवडला नाही. एवढ्या गुळगुळीत कागदावर कोणी खरं लिहीत नाही, असं तिचं मत. शाळा चौथीपर्यंत आणि पुढे चव्वेचाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीत. कापड उजेडासमोर धरायचं, तुटलेला धागा शोधायचा आणि भरायचा, हे तिचं काम. गुळगुळीत दिसणाऱ्या गोष्टीवर तिचा विश्वास कसा बसावा?

"चारच ओळी आहेत, मावशी," टेल्मो म्हणाला. "परिषदेच्या साहेबांपुढे हसून वाचायच्या. चांगलं चांगलं तेवढंच सांगायचं."

टेल्मो हा संस्थेचा पगारी माणूस, लिस्बनहून आलेला. बाकीचे सगळे बिनपगारी. परदेशातली सोळा-सतरा वर्षांची पोरं वर्षभर इथल्या घरांत राहायची, इथल्याच शाळेत जायची आणि इथली पोरं तिकडे जायची. घरं त्याचा एक पैसा घेत नसत. शिवाय प्रत्येक पोरामागे घराबाहेरचं एक माणूस नेमलेलं असे. त्याने महिन्यातून एकदा पोराला भेटायचं आणि विचारपूस करायची. देओलिंदा हे काम सत्तावीस वर्षं करत होती आणि गावच्या शाखेची अध्यक्षही तीच होती.

या विचारपूस करणाऱ्यांसाठी वर्षातून दोन शनिवार शिबिर व्हायचं. खर्च नगरपरिषद द्यायची. यंदा परिषदेच्या मनात ते पैसे नऊ मेच्या युरोप दिनाकडे वळवायचे होते. मंडप, झेंडे, फोटो. आणि संस्थेचा नियम साफ होता: शिबिर नाही, तर सप्टेंबरपासून गावात एकही पोर पाठवायचं नाही. शाखेला कुलूप.

परिषदेच्या ओसरीत यंदा गावात आलेली हंगेरीची बोरोका हात बांधून उभी होती. टेल्मोने नाटकमंडळीकडून तिच्यासाठी नक्षीचा झगा आणला होता.

"हा पोलंडचा आहे," बोरोका म्हणाली.

"साहेबांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना!"

देओलिंदाने झगा घडी करून टेल्मोच्या हातात दिला. "तूच घाल रे बाबा. कंबर बारीक आहे तुझी."

मग तिने पोरीला खिडकीशी नेलं. सकाळी विचारलेलं पुन्हा विचारलं, "सांगू ना मग? नको असेल तर आत्ता सांग, मी कागद वाचते."

"सांगा," बोरोका म्हणाली. "माझं नाव घेऊन सांगा. त्या घरच्यांचं नको. त्यांची जुळी माझ्याच शाळेच्या बालवर्गात आहेत."

आत लांब टेबलामागे पाच जण बसले होते. मधोमध परिषदेच्या समितीचे अध्यक्ष वेरिसिमो. माणूस वाईट नव्हता, पण फोटोत आपण कसे दिसतो याची काळजी त्याला फार.

"बाई, एक शंका आहे," तो म्हणाला. "तुमच्या बाया काम बिनपगारी करतात. उत्तमच. मग पैसे कशाला हवेत? लष्कराच्या भाकऱ्या भाजायलाही अनुदान?"

दोघं-तिघं हसले. देओलिंदाने हसू ओसरू दिलं.

"भाकऱ्या फुकटच भाजतो, साहेब. सरपणही आम्हीच आणायचं का?"

टेल्मोने मागून तिची शाल ओढली. तिने शाल सोडवून घेतली आणि कागद टेबलावर उपडा ठेवला.

"ही बोरोका. सप्टेंबरात आली, एका चांगल्या घरी उतरली. बाग, मोटार, भिंतीवर क्रूस. मी जायचे, दिवाणखान्यात बसून कॉफी प्यायचे. कशी आहेस गं? मजेत. घरच्या बाईसमोर पोर दुसरं काय म्हणणार? दोनदा गेले, दोनदा 'मजेत' ऐकून घरी आले. अख्ख्या ताग्यात एक धागा तुटला तर मला दिसायचा, विचारा गिरणीत कुणालाही. ही पोर डोळ्यांसमोर तुटत होती, ती मला दिसली नाही. मला!"

हे बोलताना तिच्या गालांवर रक्त चढलं. आपली चूक चारचौघांत कबूल करायची तिला सवय नव्हती. नवऱ्यासमोरसुद्धा कधी केली नव्हती.

"मग नोव्हेंबरात शिबिर झालं. तिथं आलेली बाई माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, दिवाणखान्यात विचारू नका. बाहेर काढा. समोर बसू नका, शेजारून चाला. कशी आहेस नको, कालचा दिवस सकाळपासून सांग म्हणा. मी मनात म्हटलं, ही कालची पोर मला शिकवणार! पण केलं तसंच. नदीपर्यंत चालत गेलो. सहाला ऊठ, जुळ्यांना आंघोळ घाल, कपडे घाल, मग शाळा. आल्यावर इस्त्री, जुळ्यांचं जेवण, भांडी. रविवारीसुद्धा. पूल यायच्या आत मला सगळं कळलं होतं. चार दिवसांत हिला दुसऱ्या घरी नेलं. त्या शनिवारचे पैसे तुमचे होते, साहेब. त्याचा फोटो निघत नाही, एवढंच."

वेरिसिमोने घसा साफ केला. "हे असं बाहेर बोललात तर गावाचं नाव बुडेल."

"पोरीकडून भांडी घासून घेताना नाही बुडालं?"

कोणी हसलं नाही. वेरिसिमोने एक अर्ज पुढे सरकवला. "व्यवहाराचं बोलू. युरोप दिनासाठी मागणी करा. पैसे आजच मंजूर. फक्त शाखेच्या अध्यक्षांची सही लागेल."

टेल्मोने लगबगीने पेन पुढे केलं. "घ्या मावशी," तो कुजबुजला, "काहीच नसण्यापेक्षा बरं."

"झेंड्यांनी शाखा उघडी राहते का?"

देओलिंदाने पेनाला टोपण लावलं.

"नऊ मेला त्या चौकात दरवर्षी कोबीचं सूप कोण करतं? खुर्च्या कोण मांडतं? गाणारी पोरं कोणाच्या घरातून येतात? तुम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढता आणि फोटोत मधे उभे राहता. यंदा चौकात आमचं एक पातेलं येणार नाही, एक पोर येणार नाही. मंडप तुमचा, झेंडे तुमचे. गा तुम्हीच."

"ही धमकी आहे."

"बिनपगारी बाईला कामावरून काढता येत नाही, साहेब. पण तिला घरी बसता येतं."

पाच जण उठून शेजारच्या खोलीत गेले. टेल्मो डोकं धरून बसला. "सगळं घालवलंत, मावशी. आता लिस्बनला काय सांगू?"

"सांग की म्हातारी ऐकत नाही. खोटं नाही ना ते?" असं म्हणाली खरी, पण शालीखाली ती बोटं मोजत होती. सप्टेंबरात येणाऱ्या सहा पोरांची नावं तिला पाठ होती.

ते परत आले तेव्हा वेरिसिमोने तिच्याकडे पाहिलं नाही. "दोन्ही शनिवार मंजूर. तीन विरुद्ध दोन. यंदापुरतं." मग जरा खालच्या आवाजात, "आणि नऊ मेचं?"

"बायांना विचारते. हो म्हणाल्या तर कळवीन. पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन, तेही लिहून ठेवा." ती बैठकीची नोंद लिहिणाऱ्या सेलेस्टकडे वळली. "मी बोलले ते काय लिहिलंस गं? वाच बघू."

सेलेस्टने वाचलं, "'एका विद्यार्थिनीस निवासाबाबत किरकोळ गैरसोय झाल्याचे...'"

"खोड ते."

"बाई, अशी पद्धत असते."

"असू दे. लिही, मुलीला मोलकरीण केलं होतं आणि शिबिर झालं म्हणून कळलं. एवढंच लिही, जास्त नको."

सेलेस्टने वेरिसिमोकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तिने ओळ खोडली आणि नवी लिहिली. बोरोका तिच्या खांद्यावरून वाकून अक्षर न् अक्षर वाचत होती.

"इस्त्री राहिली," ती म्हणाली. "इस्त्रीपण लिहा."