ऑफच्या दिवशीची फवारणी

शकुबाईने नवान्नाच्या लोंब्या नाकाशी नेल्या आणि झटकन दूर धरल्या. कोवळ्या धानाचा गोड वास कुठला! घासलेटात उंदीर कुजावा तसा भपकारा. 

"जानराव, हे धान फवारलेलं हाय का रे?"

मुलगा मोरीवर हात धूत होता. "सकाळीच मारलं. आज ऑफ होता ना, माय."

ऑफ होता! कुरुदच्या त्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, औषध पडायचं ते जानरावच्या सुटीप्रमाणे; कीड असो, नसो. तो कामाला जायचा त्या प्लांटात मशीन बिघडायच्या आधीच तेल घालतात म्हणे, तसंच. पोळ्याच्या सुमारास तुडतुडा औषधालाही सापडत नव्हता, तेव्हाही याने फवारलं होतं. बांधीच्या पाण्यावर कोळीच कोळी तरंगले, पाय आखडून. तुडतुडे खाणारे तेच. ते मेले आणि तुडतुड्यांना रान मोकळं झालं. बुडख्याशी बसून त्यांनी रस ओढला, मधोमध धान जळाल्यागत झालं. आणि हा शहाणा वरून पानं भिजवत राहिला.

"एकदा वाकून बुडखा पाह्यला असता!"

"टाइम कुठं भेटते?"

"फवाराले भेटते, पाहाले नाही भेटत?"

सून अन्नपूर्णा हळूच म्हणाली, "आई, खुर्सीपारचे पाहुणे येऊन राहिले. मी तीनदा धुऊन घेते ना."

शकुबाईने तिच्याकडे असं पाहिलं की सुनेने हात मागे घेतला. पहिला घास नात भूमिकाच्या तोंडी जायचा होता. घरच्या धानाची खीर साऱ्या नात्यागोत्यात फक्त शकुबाईकडे, म्हणून तर दरसाल पाहुणे यायचे. तिने लोंब्या उचलल्या, परसात खड्डा केला आणि पुरल्या. बकरीलाही दिल्या नाहीत. मग तीनदा साबण लावून हात धुतले. वास काही जाईना.

पंगत बसली. दीर टिकाराम बोटं चाटत म्हणाला, "वहिनी, यंदा तांदूळ जाडा लागून राहिला. नवं वाण का?"

अन्नपूर्णाने डोळ्यांनीच विनवलं. शकुबाईने पदर खोचला.

"राशनचा हाय, भाऊजी. घरचं धान आमच्या जानरावनं आज सकाळीच नासवलं. देवाच्या वाट्यावर विष मारलं."

जानरावचा घास हातातच राहिला. शकुबाईने त्याच्या ताटात खिरीचा आणखी एक डाव ओतला.

"खाय. याले तुहा हात नाही लागला."