दोन ओळींचा घोळ

"गेला काय मेल?" साड्यांच्या घड्या घालता घालता भैय्यालालनी विचारलं.

"जाते, मामाजी. पण जाऊन स्पॅममध्येच पडून राहिला! कचऱ्यात!"

पवनीतल्या त्यांच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्यांच्या दुकानाची वेबसाइट त्यांची सून दामिनी सांभाळायची. नागपूरच्या रीता मॅडमना कंपनीच्या कार्यक्रमासाठी साड्या हव्या होत्या. पण त्यांच्या कंपनीत व्हॉट्सअॅप चालत नव्हतं, आणि स्पॅम उघडायची मुभा नव्हती. दुकानाच्याच पत्त्यावरून नमुन्यांचा मेल आज पोचला तर ऑर्डर, नाहीतर राम राम. आणि ही ऑर्डर हुकली की पोळ्यापासून बंद पडलेला दुसरा माग मोडीतच निघणार होता.

दामिनीनं पासवर्ड बदलला, फोटो लहान केले, मजकूर साधा केला. वेबसाइट कंपनीच्या मदतीच्या नंबरावर नुसतं संगीत. "आपला कॉल महत्त्वाचा आहे" ऐकून तिचं टाळकं फिरलं.

शेवटी मेलचा पत्ता तपासणाऱ्या एका साइटनं दुखणं सांगितलं. आपल्या नावानं मेल पाठवायची परवानगी कोणाला, हे सांगणारी एसपीएफची ओळ एकच लागते. यांच्या दोन होत्या. दोन दिसल्या की समोरचं मेलखातं एकही मानत नाही, मेल कचऱ्यात टाकतं.

दामिनीनं कपाळावर हात मारला. वेबसाइट नव्या कंपनीकडे नेली तेव्हा ती जुनी ओळ काढायला निघाली होती. मामाजी आडवे आले होते, "जुन्या तान्याचे टोकं कापून कोणी नवा ताना चढवते काय? राहू दे." मागावर जुन्या उभ्या धाग्यालाच नवा गाठ मारून जोडतात, तिलाही पटलं होतं.

"तुमच्या तान्यानंच घात केला!"

"माहा ताना? मी काय कॉम्प्युटर चालवतो?"

"मीच येडी, तुमचं ऐकलं!"

जुन्या कंपनीकडून अजून पावत्या जायच्या, म्हणून तिनं दोघांची नावं एकाच ओळीत घेतली आणि दुसरी ओळ पुसली. आता बदल पोचायची वाट. संध्याकाळी देवळात कीर्तनाचा मृदंग घुमला, बुवांनी अभंग उचलला. भैय्यालालनी टोपी घातली, पण पाय उंबऱ्यातच अडले.

अखेर चाचणीचा मेल दामिनीच्या स्वतःच्या इनबॉक्सात नीट पडला. तिनं नमुने पाठवून लगेच फोन लावला.

"मिळाला," रीता मॅडम म्हणाल्या, "पण साहेबांनी दुपारीच निम्म्या साड्या दुसऱ्याला दिल्या. उरलेल्या तुमच्या."

"निम्म्या तं निम्म्या. पांडुरंगाची कृपा," भैय्यालाल म्हणाले.

"आन् दुसरा माग?"

भैय्यालाल टोपी काढून तिच्याशेजारी टेकले.

"कीर्तनाले नाही जात?"

"बुवा उद्याही हायेत. आणखी कोणाकोणाचे मेल कचऱ्यात गेले, ते काढ. एकेकाले फोन लावू."