जास्तवाला ग्लास

सारखं पाणी भरलेल्या दोन बुटक्या ग्लासांपैकी एकातलं पाणी मावशीने उंच ग्लासात ओतलं, शेवटचा थेंब झटकला आणि चेहरा कोरा केला. निदान तिला तरी तो कोरा वाटला.

"आता सांग. ह्याच्यात जास्त पाणी आहे, त्याच्यात जास्त आहे, की दोन्हींत सारखंच आहे?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर हनुवटी टेकवून भिंगरी ग्लासांकडे बघत राहिली. धाकट्या बहिणीची ही मुलगी एका जागी कधी टिकत नाही, म्हणून भिंगरी. आज मात्र टिकली होती. तिने ओठ मुडपले, एक डोळा मिटला, बुटक्या ग्लासावर बोट ठेवलं, मग उंच ग्लासावर.

मावशीचे गाल आत ओढले गेले, डोळे मोठे झाले.

भिंगरीने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"उंचवाल्यात जास्त!"

"का गं?"

"बघ ना, किती वर गेलंय!"

मावशीचा कोरा चेहरा तिथल्या तिथे फुटला. तिने भिंगरीला उचलून गरकन फिरवलं. "ऐकलंस? पुस्तकात लिहिलंय तस्सं!"

ओट्याशी उभी असलेली बहीण हसली. "ताई, भाचीला कळत नाही म्हणून नाचणारी मावशी जगात एकटी तूच असशील."

"कळू दे की. उद्या दुपारनंतर कळू दे."

उद्या प्रात्यक्षिक परीक्षा होती. हिशेबनिसाची नोकरी सोडून, चाळिशी उलटल्यावर मावशी बालविकास आणि शैक्षणिक मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसली होती. पहिल्या दिवशी ती दारात दिसली तेव्हा नव्या बाई आल्या असं समजून अख्खा वर्ग उभा राहिला होता. आता तो वर्ग तिला ताई म्हणत होता, तिचे डबे संपवत होता, आणि परीक्षेला तिच्याइतकाच घाबरत होता.

प्रत्येकाने आपापल्या ओळखीतलं एक मूल आणायचं आणि मुलाच्या समजेचा वाट्याला आलेला टप्पा परीक्षकांसमोर दाखवायचा. मावशीच्या वाट्याला पाणी आलं होतं. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे मुलाला उमगतं, त्याच्या आधीचा टप्पा. ते उमगणं कुणाला शिकवावं लागत नाही. मूल उंचीला फसत असतं, फसत असतं, आणि एक दिवस फसत नाही. तो दिवस कधी येऊन गेला हे बऱ्याचदा त्याच्या आईलाही कळत नाही. तो नेमका उद्या उजाडला, तर मावशीजवळ दाखवायला काहीच उरणार नव्हतं. मग पुन्हा परीक्षा पुढच्या वर्षी, आणि मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात तिच्यासाठी राखून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाची.

परीक्षेच्या खोलीत सगळंच ठेंगणं होतं. मावशी लहान मुलांच्या खुर्चीत बसली तेव्हा तिचे गुडघे जवळजवळ कानाशी आले. कोपऱ्यात परीक्षक बाई चष्मा नाकावर घेऊन बसल्या होत्या. त्या ना हसत होत्या, ना रागावलेल्या दिसत होत्या. असा चेहरा जमायला किती वर्षं लागत असतील, असं मावशीच्या मनात येऊन गेलं. वर्गात वर्षभर हेच बजावलं होतं: शाबासकी नाही, हुंकार नाही, भुवईसुद्धा हलता कामा नये. त्यावर शेजारची मुलगी म्हणाली होती, "ताई, तुमच्या चेहऱ्यावर तर बातम्या लागतात!"

सारखे दोन बुटके ग्लास. दोन्हींत सारखं पाणी. भिंगरीने वाकून, डोळा लावून, सारखं असल्याची खात्री केली. मग मावशीने त्यातला एक उंच ग्लासात रिकामा केला आणि प्रश्न विचारला. एकही थेंब सांडला नाही.

भिंगरीने पाण्याकडे बघितलं. मग मावशीकडे.

"उंचवाल्यात जास्त."

"तुला असं का वाटतं?"

"ते खूप वर गेलंय ना."

कोपऱ्यातून पेनाचा आवाज आला. परीक्षक बाई म्हणाल्या, "ठीक आहे. जा तुम्ही." 'ठीक आहे' हे दोन शब्द कानात वाजवत मावशी जिना उतरली. भिंगरी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत पुढे, आणि मागून मावशीही, कुणी बघत नाही असं पाहून, शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारूनच उतरली.

खाली कॅन्टीनमध्ये तिने संत्र्याच्या रसाची बाटली घेतली, पिशवीतून परीक्षेचेच ग्लास काढले, पुसले. हाताला इतकी सवय झाली होती की रसही तिने दोन बुटक्या ग्लासांत अगदी बरोब्बर सारखा ओतला आणि त्यातला एक उंच ग्लासात रिकामा केला.

"घे. जास्तवाला तुला. आज मान तुझा."

"नको. त्याच्यात माझं नाक अडकतं." भिंगरीने बुटका ग्लास ओढला. "मला हाच दे."

"अगं, पण ह्याच्यात जास्त आहे ना?"

"सारखंच तर आहे," भिंगरी म्हणाली आणि पिऊ लागली.

मावशीने उंच ग्लास तिच्यासमोर सरकवला.

"सारखं कसं? हा रस बघ किती वर आलाय."

"तो ग्लास बारीक आहे म्हणून." रसाची मिशी पुसून भिंगरी तिच्याकडे बघू लागली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंसं कळू नये, ह्याची थोडी कीवच तिच्या डोळ्यांत होती. "मी मनातल्या मनात परत ओतलं ना. परत बुटक्यात. मग सारखंच झालं."

मावशी खुर्चीत पुढे सरकली. मनातल्या मनात परत ओतलं! जाडजूड पुस्तकांनी पानंच्या पानं खर्चून जे सांगितलं होतं, ते ही मुलगी पाय हलवत सांगत होती.

"हे... हे कधीपासून ओततेस तू मनातल्या मनात?"

"काल तू विचारलंस ना, तेव्हा ओतलं."

"मग काल 'उंचवाल्यात' का म्हणालीस? आणि आत्ता वर?"

"मी सारखं म्हणणार होते. पण तुझं तोंड कसंतरीच झालं." भिंगरीने गाल आत ओढून, डोळे मोठे करून ते तोंड करून दाखवलं. हुबेहूब. "उंचवाला म्हटलं की तू मला फिरवतेस."

"म्हणजे बाईंसमोर खोटं बोललीस?"

"परीक्षा तुझी होती ना मावशी. माझी थोडीच होती?"

पिशवीतला फोन वाजला. बहीण होती. "काय झालं? जमलं का?"

"मला फसवलं गं तिने! तिला सगळं कळतं! पाणीही कळतं, आणि पाण्यापलीकडे मला काय हवंय तेही कळतं! दोन्ही एकदम!"

"अगं, पण पास झालीस का?"

"झाले होते," मावशी म्हणाली. "थांब, मला वर जायचंय."

"वर कशाला? ताई, वेडी आहेस का? घरी ये गुपचूप!"

पण तिने फोन पिशवीत टाकला होता. एका हातात रिकामे ग्लास, दुसऱ्या हातात भिंगरी; जिना चढताना तिला धाप लागत होती आणि हसूही येत होतं.

खोलीत पुढचं मूल अजून आलं नव्हतं. परीक्षक बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"मॅडम, माझं प्रात्यक्षिक चुकलंय. हिला समजतं. माझं तोंड बघून उत्तर देत होती." पुढचं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं, रसाच्या मिशीसकट.

बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "उत्तर देण्याआधी ती तुमच्याकडे बघत होती, ते मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण नापास व्हायला एवढं आनंदाने धावत आलेलं कुणी मी आजवर पाहिलं नाही."

मग चष्मा सारखा करत, गुडघ्याला हात देत, त्या स्वतःच त्या ठेंगण्या खुर्चीत बसल्या. "ये गं. मलाही दाखव, मनातल्या मनात कसं ओततात ते."

मावशीने ग्लास विसळून टेबलावर मांडले, दोन्ही बुटक्यांत सारखं पाणी भरलं. भिंगरी टेबलाशी गेली. ग्लासाला हात लावायच्या आधी तिने मान वळवली आणि मावशीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

मावशीने तिच्याकडे पाठ केली. समोर नुसती भिंत होती, तिच्यावर एक खिळा. ती कान टवकारून त्या खिळ्याकडे बघत राहिली. गाल दुखायला लागले इतकं हसू तिच्या तोंडावर पसरलं होतं, पण आता ते कुणाला दिसत नव्हतं.

मागे पाणी ओतल्याचा आवाज आला.