पुठ्ठ्यावरची लाल अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. फाईलचा पुठ्ठा. माझ्या अंगावर बाटल्यांचे गोल डाग आहेत, एक कोपरा गंजाने खाल्ला आहे, आणि जवळ नाक आणलंत तर खोकल्याच्या औषधाचा वास येईल. हसू नका. एका मुलीची भीती सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते माझ्याकडून झालं नाही.

१९९७ साली सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यातून मी नाशिक रोडच्या एका संस्थेत आलो. आईवडील नसलेल्या मुलांना ही संस्था गावोगावच्या घरांत सांभाळायला देई आणि महिन्यातून एकदा तपासणीला बोलावी. प्रत्येक मुलाची एक फाईल. माझ्या वाट्याला चांगुणा आली. सहा वर्षांची, पेठकडच्या डोंगरातली, वजन तेरा किलो. तिची आई द्राक्षबागेत मजुरीला आली होती, ती तिथेच तापाने गेली. पोर भटकू नये म्हणून मुकादमाने तिला फवारणीचं सामान ठेवायच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली, आणि दोन दिवस तो तिला विसरला.

पुढे घोटीच्या लंकाबाईंनी तिला आपल्या घरी नेलं. त्यांची भाताची थोडी शेती होती, एक म्हैस होती, मूल नव्हतं.

पहिल्याच तपासणीला नर्स आशाताईंनी नेहमीप्रमाणे दार लावलं आणि चांगुणाने डॉक्टरांचा अंगठा कडकडून चावला. पुढच्या महिन्यात आशाताईंनी तिला हातच लावला नाही. दार सताड उघडं ठेवून त्या फरशीवर बसल्या, स्टेथोस्कोपची नळी तिच्या कानात घातली आणि स्वतःच्या छातीतली धडधड तिला ऐकवली. बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, "कडी नको लावू."

माझ्या आतल्या कागदांवर छापील रकाने होते. वजन, उंची, लसी, रक्तगट. भीतीसाठी रकाना नव्हता. म्हणून आशाताईंनी लाल पेनाने माझ्याच अंगावर लिहिलं, 'दाराची कडी लावू नये. लंकाबाई तिला दिसतील अशा बसवाव्यात. हात धरण्याआधी विचारावे. सुई आधी दाखवावी.'

तेव्हापासून माझा भाव वधारला. डॉक्टर आधी मला वाचत आणि मगच चांगुणाला हाक मारत. दीड वर्षात ती अठरा किलोंची झाली. लंकाबाई कौतुकाने सांगत, "लय बडबडती आता. म्हशीला बी गोष्टी सांगती." मी मनातल्या मनात फुगायचो. जणू ते वजन मीच वाढवलं होतं!

मग आशाताईंना सुरगाण्याकडे सरकारी नोकरी लागली. नवी नर्स येण्याआधीच त्यांना निघावं लागलं. "पुठ्ठ्यावर सगळं लिहिलंय," असं त्या निर्धास्तपणे सांगून गेल्या.

त्याच महिन्यात वरून साहेब येणार असल्याचं पत्र आलं. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे कपाटांची आंघोळ आधी होते. संस्था चालवणाऱ्या मॅडमनी सगळ्या फायलींना एकसारखी निळी कव्हरं आणवली. कारकून गोरक्षभाऊंचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी नव्या कव्हरवर चांगुणाचं नाव आणि नंबर उतरवला आणि लाल अक्षरांपाशी ते थांबले.

"मॅडम, हे पण लिहू का?"

"कव्हरवर नाव आणि नंबर, बस. गिचमीड नको."

"मग उद्या आत टाचून टाकतो," असं म्हणून त्यांनी मला बाजूला ठेवलं. माणूस वाईट नव्हता हो. पण औषधाच्या कपाटाचा कप्पा गंजला होता आणि साहेबांना गंज दिसायला नको होता. शिपायाने समोर दिसला तो पुठ्ठा उचलला, म्हणजे मला, आणि त्या कप्प्यात उपडा अंथरला. लाल अक्षरं खाली गेली. वर बाटल्या आल्या. साहेबांनी शेरा दिला, 'उत्तम'. आणि गोरक्षभाऊंचा तो उद्या काही उगवला नाही.

श्रावणात चांगुणा आली ती तापाने फणफणलेली. भाताच्या आवणीच्या चिखलात पायाला काहीतरी लागून गळू झालं होतं. त्या दिवशी नेहमीचे डॉक्टर नव्हते, बदलीचे आले होते. नव्या नर्स वेदिकाताईंनी फाईल वाचली. निळी, स्वच्छ. बाहेरची पोरं डोकावत होती. मुलीला लाज वाटू नये म्हणून ताईंनी दार लावलं आणि कडी घातली. लंकाबाईंना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

चांगुणा किंचाळली. ताईंनी आणि डॉक्टरांनी तिचे हात धरले. स्पिरिटची बाटली घ्यायला ताईंनी हात घातला तो माझ्याच कप्प्यात. त्यांची बोटं माझ्या पाठीला लागली. मी काय करणार? तोंड दाबलेला पुठ्ठा! इंजेक्शन झालं, गळू फुटलं, ताप उतरला. पण चांगुणा त्यानंतर तिथे एक शब्दही बोलली नाही.

पुढच्या महिन्यात लंकाबाई एकट्याच आल्या. "पोरगी एसटीत पाय ठिवत नाय. माझा हात धरत नाय. एकदाच बोलली, 'तू बाहेर बसून राह्यली.'" त्यांनी पदराने डोळे पुसले. "ताई, त्या आधीच्या ताईंनी लाल लिव्हलं व्हतं, ते कुठं हाय? मला वाचता नाय येत, पन लाल व्हतं येवढं म्या पाह्यलंय."

वेदिकाताईंनी निळी फाईल उलटसुलट केली. गोरक्षभाऊंनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते उठले, कपाटातल्या बाटल्या एकेक करून खाली ठेवल्या आणि चिकटलेला मी सोलून काढला. ताईंनी पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि पुढची त्यांना वाचवेना. त्या दिवशी त्यांनी स्वतः दाराची कडी स्क्रू काढून उतरवली.

आता मी निळ्या फाईलच्या पहिल्या पानावर टाचलेला आहे. वेदिकाताई दर महिन्याला मला घेऊन एसटीने घोटीला जातात. चांगुणा उंबऱ्याच्या आत बसते, ताई अंगणात बसतात. कडी काढल्याचं त्यांनी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

मित्रांनो, जुने पुठ्ठे जपून ठेवा असं मी म्हणत नाही. आम्हांला खुशाल रद्दीत घाला. पण आमच्यावर लिहिलेलं आधी नव्या कव्हरवर उतरवा, आणि ते उद्यावर टाकू नका. कपाटाचा गंज साहेबांना दिसला असता तर काय बिघडलं असतं?

लंकाबाई रोज भाकरी वाढताना हात पुढे करतात. चांगुणा भाकरी घेते. हात अजून धरत नाही.