जखम नसताना

“शर्ट वर करा, बाबा.”

“आज नको. आज कापलंय मला.” काचवाल्याने डावा अंगठा पुढे केला. गुंडाळलेली चिंधी भिजून काळपट झाली होती.

मुलीच्या हातातली सुई तशीच राहिली. “त्याचा इथे काय संबंध?”

“रक्त गोठतंय म्हणून टोचतेस ना? सकाळपासून वाहतंच आहे की. झालं मोकळं.”

एवढी उघड गोष्ट पोरीला कळू नये याचंच त्याला नवल वाटलं. जन्म खिडक्यांना काचा बसवण्यात गेला होता. बोट कापणं त्याला जेवणाइतकं नेहमीचं. पोटात कॅन्सर निघाला तेव्हा तो गप्प राहिला. पण मागाहून पोटरीत गुठळी सापडली तेव्हा चिडला. दुखणं पोटाचं, पायाने काय घोडं मारलं होतं?

“मी कामावर असते तेव्हा तुम्ही स्वतः टोचून घेता ना?”

“घेतो. कापलं त्या दिवशी नाही.”

ती खाली बसली. तिने लेंग्याचा पाय वर सारला. पोटरी ताठ फुगून चकाकत होती. 

“बाबा, रक्त सांडून ते मोकळं होत नाही हो. कॅन्सरच्या त्या पेशी रक्तात असं काही सोडतात, की त्याला वाटतं आत कुठेतरी कापलंय. मग ते धावून येतं आणि गोठतं. जखम नसतानाच बुजवत बसतं. त्यातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर...”

“मग हे का थांबत नाही?”

“कालच्या सुईमुळे. ती रक्त गोठू देत नाही. सुई आणि काच दोन्ही नाही चालणार. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत!”

“मान काय, मी गिऱ्हाइकासमोरही डोलावतो.”

ती हसली नाही. त्याने टेबलाकडे पाहिलं. खुणा करून ठेवलेली काच त्यावरच्या सतरंजीवर आडवी पडली होती. बराच वेळ पाहिलं आणि मग स्वतःच शर्ट वर केला.

सुई टोचून झाल्यावर म्हणाला, “शिंपिणीच्या दाराची आहे ती. पुठ्ठा लावून बसलीय बिचारी.”

“मी कापते.”

“तू?”

“तुम्ही सांगा.”

तो स्टुलावर बसला. हात आपणहून पुढे जाऊ नयेत म्हणून त्याने ते मांडीखाली दाबून धरले. “काच कापायचा हिरा टेकव. दाबू नकोस, ओढ. मध्ये थांबलीस तर काच गेलीच समज.” रेघ करकरत पार गेली. “आता कडेला घे आणि मोड. अगं, भीत भीत नाही!”

काच रेघेवर सरळ तुटली. पण तिने “स्स” केलं आणि बोट झटकलं.

तो कधी उठला ते त्यालाच कळलं नाही. तिचं बोट मुठीत आवळून तो धापा टाकत उभा राहिला.

“काही नाही हो, बाबा. जरासं लागलंय. बसा तुम्ही.”

त्याने मूठ उघडली. बोटावर केसाएवढी लाल रेघ होती. तिच्या टोकाला एक थेंब आला, तिथेच राहिला, आणि मग काही आलंच नाही.

“थांबलंसुद्धा,” तो म्हणाला.

बोट मात्र त्याने सोडलं नाही. उजेडाकडे धरून तो ते पाहत राहिला, दुसऱ्या कुणाचं चोख काम न्याहाळावं तसा.