एकशे सतरावी ओळ

झाशीच्या यज्ञेश्वर वकिलाचा आवाज कसा होता, ते आधी ऐका. एकदा त्याने कचेरीत 'हरकत आहे!' असं ठणकावलं, तर तिकडे स्टेशनातून सुटलेली डाकगाडी जागच्या जागी उभी राहिली. गार्डाने शपथेवर सांगितलंय. गार्ड आता हयात नाही, तेव्हा उलटतपासणी घ्यायची सोय नाही, विश्वास ठेवावा.

गोऱ्या साहेबाच्या राज्यात बिनचौकशी डांबलेल्यांना त्याने कोठडीतून सोडवून आणलं होतं. पुढे स्वराज्य आलं, पहिली निवडणूक आली, मतदारयादी टांगली गेली. ती शेवटपर्यंत वाचणारा गावात तोच एकटा. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. खंडेराव गेटच्या वॉर्डात, बहुतेक रेल्वे कारखान्यातल्या कामगारांच्या घरी, बायकांना नावंच नव्हती! कुठे 'हरप्रसाद की दुल्हन', कुठे 'मुन्ना की अम्मा'. त्याने लाल पेन्सिलीने खुणा केल्या. एकशे सोळा ओळी झाल्या.

नियम असा, की बाईने मतदारनोंदणीच्या साहेबापुढे येऊन स्वतःच्या तोंडाने आपलं आणि नवऱ्याचं नाव सांगायचं. शनिवारी कारखान्याच्या पाचच्या भोंग्यापर्यंत सांगितलं तर ठीक, नाहीतर ओळ कटली आणि मतही गेलं.

शनिवारी यज्ञेश्वराने एकशे सोळा बायका कचेरीत आणून उभ्या केल्या. पहिली रामकली.

"पति का नाम?" साहेबाने विचारलं.

रामकलीने घूंघट हनुवटीपर्यंत ओढला. "वो… जो कारखाने में भोंपू बजाते हैं."

"नाम बोलो, नाम!"

"हाय दैया! नाम लेंगे तो उनकी उमर घट जाएगी!"

यज्ञेश्वराने तासभर कायदा समजावला. कलमांवर कलमं फेकली. पण कलमाला भिऊन तोंड उघडेल ती बुंदेलखंडातली बाई कसली? चार वाजले. एकही नाव नाही.

तेवढ्यात त्याची बायको अनुसूया आत आली. हातात यादीची नक्कल.

"अहो, एक ओळ सुटली तुमची."

त्याने वाचली. 'वकील साहब की घरवाली.'

"हे कुणा गाढवाने लिहून दिलं?"

"यादीसाठी नावं लिहायला गणतीवाला आला, तेव्हा ओट्यावर कोण बसलं होतं?"

तोच बसला होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, 'अगं' याच्यापलीकडे त्याने तिला हाक मारली नव्हती. यादी वाचताना ती ओळ त्याला खटकलीसुद्धा नव्हती.

अनुसूया थेट टेबलापुढे गेली. पदर सावरला आणि हळदीकुंकवात घ्यावं तसं खणखणीत नाव घेतलं:

"किल्ल्यावरची घार घाली शहराला फेरी,
यज्ञेश्वररावांचं नाव घेते, ऐका सारी कचेरी! लिहा, मी अनुसूया."

रामकलीने घूंघट इंचभर वर केला. "बाई जी, इनकी उमर नहीं घटी?"

"हमारे यहाँ गीत में नाम लेते हैं, बहन. बाईस साल से ले रही हूँ. देख, अब तक चिल्ला रहे हैं!"

बायका खिदळल्या. साहेबाने मात्र टाक खाली ठेवला. "ये बयान है या कविता?"

"साहब," यज्ञेश्वर उसळला, "बयान कविता में न हो, ये किस नियम में लिखा है?"

साहेबाने नियमांचं पुस्तक पुढून मागे चाळलं, मागून पुढे चाळलं. सापडलं नाही. मग मिशीत हसून म्हणाला, "अच्छा. तो वकील साहब, आप पुष्टि कर दीजिए. पत्नी का नाम?"

ज्या गळ्याने डाकगाडी थांबवली, त्यातून नुसतं 'अगं' निघालं. साडेचार झालेले. आता आपणच मुके राहिलो, तर या बायकांना तोंड उघडा म्हणायचा हक्क आपल्याला कुठला? त्याने अनुसूयेकडे पाहिलं. ती हसत नव्हती. वाट पाहत होती. आणि त्याला एकदम वाटलं, आपल्या सगळ्या वकिलीत या बाईसारखा बिनतोड मुद्दा आपण एकदाही मांडला नाही.

"पंचवीस वर्षं वकिली केली, कलमं सारी पाठ;
अनुसूयेचं नाव घेतो, मान करून ताठ!"

मग काय विचारता!

"इंजन चले छुक-छुक, धुआँ उड़े काला,
हरप्रसाद का नाम लूँ, जो मेरा घरवाला! लिखो, रामकली!"

धरणाचं दार उघडल्यासारखी नावं आली. साहेबाच्या टाकाची तीन निबं मोडली. शेवटी शेवटी तर तोच यमकं सुचवायला लागला. हरप्रसादाने पाचचा भोंगा वाजवला, तेव्हा एकशे सतराव्या नावाची शाई ओली होती.

महिन्याने नवी यादी लागली. अनुसूया शेजारी उभी राहून म्हणाली, "वाचा की, माझं दिसतंय का ते."

यज्ञेश्वराने वाचलं. मोठ्यांदा, अगदी छाती भरून.

त्या दिवशी डाकगाडी स्टेशनात दुसऱ्यांदा थांबली म्हणतात. गार्डाने चौकशीसुद्धा केली नाही. टोपी काढून तेवढा उभा राहिला.