रंग सांगणारी काचनळी

मी एक काचेची नळी बोलतेय. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, खालून बंद आणि वरून उघडी. माझ्या जातीच्या नळ्या तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिल्या असतील. त्यांच्या वाट्याला गंधक, चुन्याची निवळी आणि पोरांचा दंगा आला. माझ्या वाट्याला सुमतीची सकाळची लघवी आली. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण पुढेही मी त्याच विषयावर बोलणार आहे.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते एवढंच, की भुशाने भरलेल्या खोक्यात आम्ही चोवीस जणी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका औषधवाल्याकडे पडून होतो. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. एका शनिवारी ठाण्याच्या कचेरीतले कारकून त्र्यंबकराव दुकानात आले. त्यांनी आमच्यातल्या तिघींना उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि रुमालात गुंडाळून घरी आणलं. बाकीच्या दोघी वर्षाच्या आत तडकल्या. मी राहिले.

टेंभी नाक्याहून आत जाणाऱ्या गल्लीत त्यांचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीला लागून न्हाणी. घरात माणसं तीन: त्र्यंबकराव, त्यांची बायको सुमती आणि नऊ वर्षांची मुलगी हेमा. सुमती तिशीची होती आणि तिला मधुमेह झाला होता. डॉक्टरांनी तिला स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घ्यायला शिकवलं होतं. किती टोचायचं ते रोज सकाळी मी सांगायचं.

माझं काम सोपं. माझ्यात निळं औषध ओतायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि लाकडी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर मी निळीच राहते. थोडी असली तर हिरवी होते, मग पिवळी, मग नारिंगी, आणि फार झाली की विटकरी लाल. हिरव्यापर्यंत नेहमीचं इंजेक्शन, त्याच्या पुढे गेले की इन्सुलिन वाढवायचं. मला खोटं बोलता येत नाही. हळदीकुंकवाला "अगं, एका लाडवाने काय होतंय" म्हणून कुणी आग्रह करायचं आणि सुमती अर्धा लाडू तोंडात टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिवळी. आग्रह करणारी बाई तोवर आपल्या घरी सुखाने चहा पीत असायची.

मला स्वयंपाकघरात मज्जाव होता. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी गारव्याला बसायची, म्हणजे थेट पिण्याच्या पाण्याच्या पंक्तीला. मी मात्र पडवीतल्या कोनाड्यात, न्हाणीच्या शेजारी. याचा मला राग यायचा. सुमतीला जगवायचं आम्ही दोघींनी, आणि घरात मान एकीला.

सुमतीचा जीव कशिद्यात होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिने रेशमी दोऱ्यांच्या लड्या हारीने लावून ठेवल्या होत्या. रंगांच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. डॉक्टरांनी माझे रंग जुळवून बघायला एक छापील कागद दिला होता. "ह्याला हिरवा म्हणतात?" म्हणून तिने तो चुलीत घातला. मग एका पुठ्ठ्याला पाच भोकं पाडून त्यात पाच दोरे ओवले, वर निळा, त्याखाली हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तळाला विटकरी. तो पुठ्ठा माझ्या कोनाड्यात टांगला. रोज सकाळी मला दोऱ्याशेजारी धरून ती म्हणायची, "आज मुगाच्या सालीचा हिरवा." तो तस्साच असायचा. माझ्याकडे इतकं निरखून दुसऱ्या कुणीच कधी पाहिलं नाही. मला ती फार आवडायची, हे सांगून टाकते.

अशी सहा वर्षं बरी गेली. हेमा पंधरा वर्षांची झाली तेव्हा सुमतीने तिच्या रुखवतासाठी तोरण भरायला घेतलं. पांढऱ्या कापडावर सात हिरवे पोपट, प्रत्येकाच्या चोचीत डाळिंबाचं फूल. एकेका पंखात चार तऱ्हेचे हिरवे दोरे. पडवीत उजेड चांगला म्हणून ती माझ्यासमोरच बसायची. एका पोपटाला दोन-तीन महिने लागायचे. घाई कसली, लग्नाला अजून अवकाश होता.

याच सुमाराला डॉक्टरांनी त्र्यंबकरावांना बजावलं, की या आजारात डोळे सांभाळायला हवेत. त्र्यंबकराव घरी आले ते ठरवूनच. "डोळ्यांत जरा काही वाटलं, तर हा डबा माळ्यावर जाईल. आधीच सांगून ठेवतो."

"जाऊ दे की," सुमती म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.

चौथ्या पोपटाच्या शेपटीशी तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगायला लागले. सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. हेमा शाळेत जाण्यापूर्वी पाच-सहा सुया ओवून ठेवायची, कारण "आई घाईत असते." लड्या तर सुमतीला जागेवरून पाठ होत्या. तिसऱ्या ओळीत पहिली गडद हिरवी, तिच्यापुढे पोपटी. ठिपक्यांचं ती कुणाला बोलली नाही.

मला मात्र कळलं. एका सकाळी मी चांगली नारिंगी झाले. तिने मला पुठ्ठ्याशेजारी धरलं, डोळे बारीक केले, तरी रंग ओळखू येईना, मग वरून बोटाने दोरे चाचपले. एक, दोन. दुसऱ्यावर बोट थांबलं. "हिरवा," ती मोठ्याने म्हणाली. पुढच्या खोलीत दाढी करणाऱ्या त्र्यंबकरावांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

त्या दिवशी तिने नेहमीचंच इंजेक्शन घेतलं, दुसऱ्या दिवशीही तेवढंच, तिसऱ्या दिवशीही तेवढंच. मी रोज आणखी लाल होत गेले आणि ती रोज "हिरवा" म्हणत गेली. मला संताप यायचा आणि रडूही यायचं. ओरडता आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

दिवाळीच्या साफसफाईत हेमाने आईचा डबा आवरला. पोरीने प्रेमाने आवरला, जाड लड्या एकीकडे आणि बारीक एकीकडे. सुमतीने पाचवा पोपट घेतला आणि सवयीने तिसऱ्या ओळीतली पहिली लडी काढली. तो पोपट चोचीपासून शेपटीपर्यंत विटकरी लाल झाला. हेमा त्या दिवसांत परीक्षेच्या अभ्यासात बुडाली होती, तिने सुया मुकाट्याने ओवल्या. तोरण पडवीतल्या दोरीवर टांगलेलं असायचं. मी कोनाड्यातून रोज तो पोपट बघायची. आम्ही दोघं एकाच रंगाचे होतो.

एका रविवारी त्र्यंबकराव खांद्यावर पंचा टाकून न्हाणीकडे निघाले आणि तोरणापाशी थबकले. 

"कसा झालाय?" सुमतीने विचारलं.

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पोपटाकडे. "सुरेख झालाय," ते म्हणाले. "अगदी हिरवागार."

संध्याकाळी त्यांनी हेमाला बाजूला घेतलं आणि डबा पहिल्यासारखा लावायला सांगितलं. आईला यातलं काही बोलायचं नाही, अशी शपथही घातली. डबा माळ्यावर टाकायची त्यांची छाती झाली नाही. कशिदा गेला तर हिच्यात राहील काय, असं त्यांना वाटलं. मला त्यांचं मन समजतं. पण पोपटाचा रंग ज्या डोळ्यांनी चुकला तेच डोळे रोज माझाही रंग वाचतात, हे त्या शहाण्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. कोनाडा चार हातांवर होता. ते न्हाणीत गेले आणि अंगावर पाणी ओतून घेऊ लागले.

असे नऊ महिने गेले. सुमती वाळत चालली. पायाला खिळा लागल्याची जखम भरेना. "वय झालं आता," ती अडतिसाव्या वर्षी म्हणायची.

श्रावणात आवडाबाई आली. ती मिठागरांकडच्या गावातली, पावसाळ्यात टाकळ्याच्या भाजीच्या जुड्या घेऊन मागच्या दाराने यायची. सुमती नुकतीच मला दिव्यावरून उतरवून पुठ्ठ्यापाशी धरत होती. "हिरवा," ती सवयीने म्हणाली.

आवडाबाईने टोपली खाली ठेवली. "हिरवा कुठला गो बाय? यो त लाल हाय, कौलासारका."

सुमतीने चिमटा आवडाबाईपुढे धरला.  "नीट बघा, आवडाबाई."

"नीटच बगतंय. माजं डोलं अजून बरं हाय."

सुमतीने मला कोनाड्यात ठेवलं. दोरीवरचं तोरण चाचपडून खाली घेतलं आणि एकेका पोपटावर बोट ठेवून विचारत गेली. आवडाबाई सांगत गेली. हिरवा, हिरवा, हिरवा, हिरवा. पाचव्यावर ती घुटमळली. "यो बी कौलाचाच हाय गो बाय. नवस हाय का कसला?"

आवडाबाई गेल्यावर सुमतीने त्र्यंबकरावांना हाक मारली. ते आले आणि त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. 

"पोपटाचं तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"दिवाळीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"डबा माळ्यावर टाकावा लागला असता."

सुमतीने तोरण मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही पोपटाचं बोलला असतात, तर मी नळीचं बोलले असते."

त्यानंतर त्र्यंबकराव रोज सकाळी स्वतः मला उजेडाकडे धरायचे आणि खरा रंग सांगायचे. इन्सुलिन वाढलं. मुंबईच्या डॉक्टरांनाही दाखवलं. डोळे परत येणार नाहीत आणि पायाचं काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मी कधी नारिंगीपर्यंत खाली यायची, पुन्हा लाल व्हायची. मनापासून सांगते, मला निळं व्हायचं होतं. पण माझ्या हातात काय आहे? जे माझ्यात ओतलं जातं ते मी दाखवते.

डबा माळ्यावर गेला नाही. सुमतीने तो लाल पोपट टाका टाका चाचपून उसवला. "माझ्या पोरीच्या दारावर असला पोपट नको." त्र्यंबकराव कचेरीतून येऊन शेजारी बसायचे, सुई ओवून तिच्या बोटांत द्यायचे आणि दोऱ्याचा रंग सांगायचे. ती बोटांनी अंदाज घेत भरायची. मार्गशीर्षात हेमाचं लग्न ठरलं, वैशाखातला मुहूर्त निघाला. सुमतीला तेवढं तोरण पुरं करायचं होतं, दुसरं काही ती मागत नव्हती.

फाल्गुनात पायाचं विष अंगभर गेलं. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती आणि तिसऱ्या दिवशी गेली. पाचव्या पोपटाचा एकच पंख भरून झाला होता. त्या नऊ महिन्यांत भरलेला सहावा वेडावाकडा झाला होता, सातवा नुसता पेन्सिलीचा. वैशाखात हेमाने तोरण तसंच रुखवतात मांडलं. व्याही मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, अर्धवट का ठेवलंय? हेमाने तोरणाची कड सरळ केली.

लेक सासरी गेली, तिने तोरण सोबत नेलं. एके दिवशी त्र्यंबकरावांनी मला कोनाड्यातून काढलं, सोड्याने घासून कढत पाण्यात उकळलं आणि कोरडं केलं. सुमतीच्या हातातून गळलेली शेवटची सुई, ओवलेल्या दोऱ्यासकट, माझ्यात सोडली आणि वर बूच लावलं. मग मला आत नेऊन तिच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं. इतक्या वर्षांनी मला घरात जागा मिळाली. आता ती मला नको आहे.

तुमच्या घरात असं कुणी दुखणाईत असेल तर माझं एवढं ऐका. त्याला आवडतं ते काढून घ्यायची धमकी देऊ नका, आणि कौतुकाच्या नावाखाली खोटंही सांगू नका. रोज सकाळी त्याच्याशेजारी जाऊन उभे राहा आणि काय दिसतंय ते दोघं मिळून बघा. मला याहून जास्त काही कळत नाही.

त्र्यंबकराव अजूनही दाढी झाली की मला फळीवरून उचलतात, खिडकीच्या उजेडाकडे धरतात आणि आतल्या दोऱ्याकडे बघत मोठ्याने म्हणतात, "हिरवा." आता तो खरंच हिरवा असतो. ऐकायला ती नाही.